वकिलाच्या ऑफिसात सगळंच करते, आता एका कामात मुरायचंय

प्रश्न, थोडक्यात : वय २९, इंदूरला राजेंद्रनगरात राहते, बी.कॉम. आहे. जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकिलांकडे काही वर्षं काम करते. टायपिंग, पेशीच्या तारखा, नकला काढणं, चेक बाउन्सच्या नोटिसा, बँकेच्या सर्च रिपोर्टसाठी कागद गोळा करणं, पक्षकारांचे फोन, सगळं मीच बघते. तरी सगळे मला मुंशीच समजतात आणि पगार बरेच दिवस तिथेच आहे. इंटरनेटवर पॅरालीगलसाठी पुष्कळ स्पेशलायझेशन दिसतात : कॉर्पोरेट, इमिग्रेशन, ट्रेडमार्क, पर्सनल इंजुरी, बँकरप्सी, प्रोबेट. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, कॉर्पोरेटच घे, कोर्टकचेरीत काही राम नाही. साठ हजारांचा एक ऑनलाइन 'आंतरराष्ट्रीय' कोर्स बघून ठेवलाय. एलएल.बी. करावं की नाही यावर घरात एकमत नाही, मुलगी पाच वर्षांची आहे. कोणतं क्षेत्र घेतलं तर पैसा आणि मान दोन्ही मिळेल?

उत्तर :

तुमच्या कामांच्या यादीत 'बँकेच्या सर्च रिपोर्टसाठी कागद गोळा करणं' हे तुम्ही इतर चार कामांच्या ओळीत सहज लिहून टाकलंय. सर्च रिपोर्ट म्हणजे कर्जाआधी मिळकतीची मालकी तपासून वकिलाने बँकेला दिलेला अहवाल, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. पण आधी त्या इंटरनेटवरच्या यादीबद्दल.

ती यादी अमेरिकेतली आहे. तिथे पॅरालीगल हा वेगळा पेशा आहे आणि वकिलांची ऑफिसंच विषयवार विभागलेली असतात. इमिग्रेशनच्या ऑफिसात दिवसभर व्हिसाचे अर्ज, बँकरप्सीच्या ऑफिसात दिवाळखोरीचे. आपल्याकडे तेच विषय वेगळ्या दारांतून येतात. पर्सनल इंजुरी म्हणजे इंदुरात मोटार अपघात दावा अधिकरण. प्रोबेटच्या जागी वारसाहक्काचं प्रमाणपत्र आणि फौती नामांतरण, म्हणजे मालक वारल्यावर महसुली नोंदीत वारसांची नावं चढवणं. बँकरप्सीच्या जागी एकीकडे २०१६ ची दिवाळखोरी संहिता आणि दुसरीकडे बँकांची सरफेसी कायद्याखालची, म्हणजे गहाण मिळकत ताब्यात घेऊन केलेली वसुली. इमिग्रेशन तर इथल्या कोर्टात जवळजवळ नाहीच. ते काम मिळतं परदेशी ऑफिसांसाठी काम करणाऱ्या आउटसोर्सिंग कंपन्यांत, तेही बहुधा संध्याकाळी सुरू होणाऱ्या पाळीत. लहान मुलगी असताना ती पाळी जमेल का, हे कोर्सच्या माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. त्यामुळे 'कोणतं स्पेशलायझेशन चांगलं' याआधी 'माझ्या शहरात कोणत्या फायली रोज येतात आणि त्यातल्या कोणत्या माझ्या टेबलावरून जातात' हे विचारायला हवं.

दुसरी गोष्ट कायद्याच्या हद्दीची. ती पक्की ठाऊक असली तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. भारतात पॅरालीगलला कोणतंही लायसन्स नाही, त्यामुळे लायसन्स देणारी संस्थाही नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे वकिली करण्याचा हक्क फक्त नोंदणी झालेल्या वकिलाला आहे, आणि हक्क नसताना कोर्टात वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे. सल्ला देणं, मसुदे करून देणं हेही त्यात येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ए. के. बालाजी निकालात स्पष्ट केलं. तेव्हा 'स्पेशालिस्ट झाले की घरून स्वतःच्या नावाने सल्ला देईन' असा विचार मनात असेल तर तो सोडा. वकिलाच्या देखरेखीखाली, त्यांच्या सहीने जाणारं काम तुम्ही कितीही वरच्या दर्जाचं करू शकता. आणि पॅरालीगल व्हॉलंटियर ही तिसरीच गोष्ट. ती राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या योजनेखालची सेवा आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते आणि कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं. काम मोलाचं आहे, पण त्यावर घर चालत नाही.

आता मावसभावाचं कॉर्पोरेट. मुंबई-पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये त्याचा अर्थ कंपन्यांची खरेदी-विक्री आणि करारांची तपासणी. इंदुरात, पीथमपूर आणि सांवेर रोडचे कारखाने धरूनसुद्धा, त्याचा रोजचा अर्थ कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसातलं वार्षिक फाइलिंग असा आहे. वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत एओसी-४ (ताळेबंदाचा फॉर्म), ६० दिवसांत एमजीटी-७ (वार्षिक विवरणपत्र), उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये. बी.कॉम.चा इथे उपयोग होतो, ताळेबंद वाचता येतो. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर घरी वेळेवर पोचणं विसरायचं. त्याहून मोठी अडचण अशी की सही कंपनी सेक्रेटरीची. सीएसच्या परीक्षा द्यायची तयारी नसेल तर काही वर्षांत त्या खोलीचं छत डोक्याला लागतं. कारखान्यांच्या कामगार-अनुपालनाचंही तसंच. दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआय, शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्यामुळे जुनी रजिस्टरं, जुने फॉर्म नव्याने समजून घ्यावे लागताहेत. हे बदल जो नीट शिकेल त्याला सध्या मागणी आहे. पण ते काम कन्सल्टंटच्या किंवा एचआरच्या ऑफिसातलं. तिथे गेलात की आजवर वकिलाकडे शिकलेलं बरंचसं मागे राहील.

ट्रेडमार्कबद्दल मात्र जरा थांबून विचार करा, कारण वकील नसलेल्या पदवीधराला स्वतःच्या नावाने काम करायचा रस्ता इथे कायद्यानेच ठेवला आहे. ट्रेडमार्क एजंट होण्यासाठी भारतीय नागरिक, २१ वर्षं पूर्ण आणि कोणत्याही शाखेची पदवी इतकं लागतं, आणि रजिस्ट्रीची परीक्षा पास व्हावी लागते. बी.कॉम. चालतं. पेटंट एजंटला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, त्यामुळे तो रस्ता तुमच्यासाठी नाही. अडचण इतकीच की एजंटची परीक्षा दरवर्षी ठरल्या वेळी होईलच याचा भरवसा नाही. तिच्या आशेवर नोकरी सोडू नका, पण जाहिरातीवर लक्ष ठेवा.

मध्य प्रदेशचे अर्ज मुंबईच्या रजिस्ट्रीकडे जातात, सगळं ऑनलाइन. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला माल किंवा सेवेच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत हवी तर उद्यम प्रमाणपत्र अर्जासोबतच लागतं. इंदुरात नमकीनवाल्याचा अर्ज हा नेहमीचा नमुना, आणि चुका कुठे होतात ते त्यातच दिसतं. बेसनाची शेव वर्ग ३० मध्ये, बटाट्याचे चिप्स आणि खारे दाणे वर्ग २९ मध्ये, इतर कंपन्यांचा मालही विकणारं दुकान असेल तर वर्ग ३५. एकाच वर्गात अर्ज करून मोकळं झालं की दुसरा कोणी चिप्स त्याच नावाने काढतो. 'वीस वर्षांपासून वापरतो' असं लिहिलं तर शपथपत्र आणि जुनी बिलं जोडावी लागतात. बिलांवर दुकानाचं नाव एक आणि अर्जात दुसरं असेल तर तो दावा लंगडा पडतो. 'इंदोरी', 'रतलामी' अशा शब्दांवर एकट्याची मालकी मिळत नाही, आणि रतलामी शेवेला तर भौगोलिक निर्देशांकच आहे. तपासणी अहवाल आला की ३० दिवसांत उत्तर द्यायचं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणीही विरोध करू शकतो, आणि विरोधाच्या नोटिशीला दोन महिन्यांत प्रतिनिवेदन द्यावं लागतं. हे सगळं तारखा सांभाळण्याचं काम आहे, आणि तारखा तुम्ही रोज सांभाळताच.

तरीही पहिला हात मी सर्च रिपोर्टवरच ठेवायला सांगेन. इंदुरात प्लॉट, फ्लॅट आणि शेतजमीन यांचे व्यवहार थांबत नाहीत, प्रत्येक कर्जामागे बँकेला टायटलचा अहवाल लागतो, आणि इथली कागदपत्रं इतकी गुंतागुंतीची आहेत की ती वाचता येणारा माणूस बाहेरून आणता येत नाही. शिवाय हे काम तुमच्या टेबलावर आधीपासून आहे. फक्त आज तुम्ही कागद गोळा करता आणि वाचतात वकीलसाहेब. तुम्ही वाचायला शिकायचं आहे. ते कसं, हे जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखी वकिलांकडे काम करणारी बरीच मंडळी ही पायरी न चढताच राहतात.

फाइल आली की पहिल्यांदा कागदाचा एक ताव घ्या आणि मालकीची साखळी उलट्या क्रमाने मांडा. आजचा विकणारा, त्याला कोणी विकलं, त्याच्या आधी कोण. बँका साधारण ३० वर्षांची साखळी मागतात. प्रत्येक टप्प्यावर रजिस्ट्रीचा, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखताचा क्रमांक, तारीख, क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि मोबदला. मध्य प्रदेशात २०१५ पासून ई-रजिस्ट्री आली आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून संपदा २.० ही नवी नोंदणी प्रणाली. त्यामुळे अलीकडचे दस्त ऑनलाइन सापडतात. त्याआधीच्या दस्तांसाठी उपपंजीयक (दुय्यम निबंधक) कार्यालयातली नोंदवहीच बघावी लागते, आणि साखळीतलं भोक बहुतेक वेळा त्या जुन्या काळातच असतं. दुसऱ्या तावावर खसरा (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक आणि त्याचा उतारा), बी-१ (खातेदाराचा उतारा) आणि नकाशा. इथे बटांकनाकडे, म्हणजे खसऱ्याच्या पोटक्रमांकांकडे, डोळ्यांत तेल घालून बघा : मूळ खसरा ३४, पुढे ३४/१, त्यातून ३४/१/२. रजिस्ट्रीत ३४/१ आणि खसऱ्यात ३४/१/२ असेल तर मधली फाळणी कोणत्या आदेशाने झाली तो कागद मागायचा. 'तेच आहे हो' असं पक्षकार म्हणेल. त्याच्या शब्दावर रकाना भरायचा नाही. क्षेत्रफळ हेक्टर, एकर आणि चौरस फूट अशा तीन मापांत लिहिलेलं असतं, ते स्वतः बदलून जुळवायचं.

खसऱ्याच्या कैफियतीच्या रकान्यात काय लिहिलंय ते शब्द न् शब्द उतरवा. जमीन आदिवासी खातेदाराची होती आणि ती बिगर-आदिवासीला विकली असेल तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १६५(६) कडे आणि कलेक्टरच्या परवानगीकडे बघायला हवं. सरकारी पट्ट्याने मिळालेली जमीन असेल तर कलम १६५(७-ख). ही दोन कलमं माहीत नसल्यामुळे वरवर स्वच्छ दिसणारी साखळी पुढे तुटते. नामांतरण झालंय म्हणजे मालकी सिद्ध झाली, असंही समजू नका. नामांतरण महसुलासाठी असतं, हक्क दस्ताने आणि वारसाने मिळतो.

मालक वारला असेल तर फौती नामांतरणात मुलगेच दिसतात, असं फार वेळा होतं. वंशावळ मागा आणि मुली आहेत का हे थेट विचारा. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा ठरला आहे. बहिणींचा नोंदणीकृत हक्कत्याग नसेल तर तशी नोंद अहवालात आलीच पाहिजे. मुखत्यारपत्रावर झालेली 'विक्री' दिसली तर लाल खूण करा. अशा मुखत्यारपत्राने आणि साध्या करारनाम्याने मालकी जात नाही, हे २०११ च्या सूरज लॅम्प निकालापासून पक्कं आहे.

मग शहराचे कागद. डायवर्शनचा (शेतजमीन बिगरशेती केल्याचा) आदेश, नगर तथा ग्राम निवेश विभागाने मंजूर केलेला नकाशा, कॉलनीची विकास-परवानगी, निगमच्या मालमत्ता कराची पावती. इंदूर विकास प्राधिकरणाचा प्लॉट असेल तर लीजडीड, तिची मुदत, हस्तांतरणाची परवानगी आणि फ्री-होल्ड झालाय का. गृहनिर्माण सहकारी संस्थेचा असेल तर सदस्यत्व, वाटपपत्र आणि त्याच प्लॉट क्रमांकावर आधी कोणाच्या नावाने रजिस्ट्री झाली आहे का ते. एका प्लॉटवर दोन रजिस्ट्रींचे वाद या शहराला नवे नाहीत. नवीन प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटचा असेल तर रेरा क्रमांक तपासा. शेवटी सेरसायवर, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत, शोध घ्या, कारण मूळ कागद ठेवून घेतलेलं कर्ज उपपंजीयकाकडच्या नोंदीत दिसत नाही, तिथे दिसू शकतं. आणि मूळ कागद कोणाचेही हातात घेतलेत तर पानांची संख्या लिहून पावती द्या, परत देताना सही घ्या. गहाळ झालेल्या एका मूळ रजिस्ट्रीने ऑफिसचं नाव जातं.

अहवालावर मत वकीलसाहेबांचं आणि सहीही त्यांचीच. पण त्यांच्यापुढे जाणाऱ्या कागदावर साखळी, त्रुटी आणि मागवायचे कागद तुम्ही लिहिलेले असतील तर त्यांचा अर्धा दिवस वाचतो. तुम्हाला हवा असलेला मान त्या कागदावरून सुरू होईल. टेबलावरची पाटी बदलून तो येणार नाही.

चेक बाउन्सचं काम सोडू नका. ते याच वाटेवरचं आहे, आणि त्यात तारीख चुकली तर दुरुस्ती फार अवघड. बँकेचा मेमो ३ मार्चला मिळाला असं धरा. ३० दिवस म्हणजे नोटीस २ एप्रिलपर्यंत निघालीच पाहिजे. ती १० एप्रिलला पोचली तर पैसे द्यायला २५ एप्रिलपर्यंत मुदत, २६ ला वादकारण, आणि तिथून एका महिन्यात, म्हणजे २६ मेपर्यंत, परिवाद दाखल. ऑफिसच्या डायरीत मात्र २६ मे लिहू नका, १५ मे लिहा. नोटिशीतली रक्कम चेकवरच्या रकमेशी आकडा न् आकडा जुळवा. व्याज, खर्च मागायचे तर ते वेगळे लिहा. टायपिंगची चूक हे कारण चालत नाही, रक्कम वेगळी असेल तर नोटीसच अवैध, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे संगणकावर बसलेल्या माणसाच्या हातात अख्खी केस असते. नोटीस पोचल्याच्या ट्रॅकिंगची प्रिंट त्याच आठवड्यात काढून ठेवा, पुढे ती वेबसाइटवर राहत नाही. आणि पुरावा व्हॉट्सअॅपचा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे भाग दोन : अ भाग फोन वापरणाऱ्याचा, ब भाग तज्ज्ञाचा, आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) दोन्हीत. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या नमुन्यावर नाव बदलून काम भागवणारी ऑफिसं अजून आहेत. तुमचं त्यात नको.

सर्च रिपोर्ट आणि चेकच्या पुढची पायरी बँकेच्या वसुलीची. सरफेसीच्या कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवस. कर्जदाराचा आक्षेप आला तर १५ दिवसांत उत्तर. १३(४) खाली ताबा, आणि ताब्यापासून सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कर्जदाराला ४५ दिवसांत जबलपूरच्या कर्जवसुली अधिकरणात जाता येतं, आणि तिथे गेल्यावर त्याचा वकील पहिल्यांदा याच तारखा मोजतो. सर्च रिपोर्ट, सरफेसी आणि चेक बाउन्सचं कलम १३८ हे तिन्ही ज्याला येतं त्याला बँकांच्या पॅनेलवरच्या कोणत्याही वकिलाकडे जागा आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. अपघात दाव्यांत हिशेब आवडत असेल तर काम चांगलं आहे : मृताचं वय ३१ ते ३५ असेल तर गुणक (वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा) १६, ३६ ते ४० ला १५, दोन-तीन आश्रित असतील तर स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजावट, हे सगळं २००९ च्या सरला वर्मा निकालातलं कोष्टक. पण दारात येणारं प्रत्येक घर दुःखात असतं, त्याची मनाची तयारी लागते. कौटुंबिक कामात २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंचं उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. ते नीट भरणारी, वाणिज्य शाखेची बाई तिथे फार उपयोगी पडते. दिवाळखोरी संहितेचं काम इंदुरात मोजक्याच ऑफिसांकडे आहे, सुरुवात तिथून करू नका.

एलएल.बी.बद्दल घरात वाद आहे, तर वादाला आधार म्हणून दोन नियम सांगते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०. आणि बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वर्गात ७० टक्के हजेरी लागते. पत्रद्वारे केलेली कायद्याची पदवी सनदेला चालत नाही. म्हणजे पूर्ण वेळ नोकरी, लहान मुलगी आणि प्रामाणिक हजेरी या तीन गोष्टी एकत्र बसत नाहीत. 'हजेरीचं बघून घेऊ' म्हणणाऱ्या कॉलेजच्या नादी लागू नका. दुसरा नियम फार थोड्यांना माहीत असतो : सनद घेतल्यावर वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. सनद म्हणजे पगार सोडून प्रॅक्टिस. मुलगी आणखी दोन-तीन वर्षांनी मोठी होऊ द्या, तोवर वरच्या कामात हात बसवा आणि ऑफिसशी अर्धवेळेचं बोलता येतं का ते पाहा. मग प्रवेश घेतलात तर वर्गातला मिळकत हस्तांतरणाचा विषय तुम्हाला आधीच कळलेला असेल. नाही घेतलात तरी तुमचं काही अडणार नाही.

पगाराबद्दल. 'खूप काम करते' एवढ्यावर वकीलसाहेबांशी बोलायला जाऊ नका, तेही खूपच काम करतात. उद्यापासून एक रजिस्टर ठेवा : फाइल कधी आली, कोणते कागद कमी होते, ते कधी मागवले, कच्चा अहवाल कधी दिला, बँकेने काही त्रुटी काढली का. तीन महिन्यांनी ते पुढे ठेवा आणि दोन गोष्टी मागा. टायपिंग आणि फोनचं काम दुसऱ्या कोणाकडे जावं, आणि पगाराव्यतिरिक्त प्रत्येक सर्च रिपोर्टमागे ठरावीक रक्कम मिळावी. बँक वकिलाला अहवालागणिक फी देते, त्यामुळे ही मागणी त्यांच्या हिशेबात बसते. उपपंजीयक कार्यालयाचा प्रवासखर्च वेगळा धरा. ते नाही म्हणाले तर रजिस्टर तुमच्याजवळ आहेच, पण ते दुसरीकडे दाखवताना पक्षकारांची नावं आणि खसरा क्रमांक झाकायचे; गोपनीयता वकिलाइतकीच तुमचीही जबाबदारी. जायचं कुठे? बँकांच्या पॅनेलवरची ऑफिसं, गृहकर्ज देणाऱ्या कंपन्यांचे विधी विभाग, आणि बिल्डरांची ऑफिसं. बिल्डरकडे पगार बरा असू शकतो, पण तिथे कागदातली त्रुटी दाखवणारी व्यक्ती नेहमीच हवीहवीशी असेल असं नाही. मुलाखतीतच विचारा की टायटलवरचं शेवटचं मत कोण देतं.

साठ हजारांच्या कोर्ससाठी आत्ता पैसे भरू नका. संस्थेला ई-मेलने विचारा : तुमचं प्रमाणपत्र भारतातली कोणती वैधानिक संस्था मानते? 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे कोणत्या देशातली कोणती संस्था? शिकवणारे कोण, आणि मध्य प्रदेशचा खसरा त्यातल्या किती जणांनी वाचलाय? अमेरिकन बार असोसिएशन तिथल्या संस्थांचे पॅरालीगल अभ्यासक्रम मान्य करते, तेव्हा तिचं नाव कोणी घेतलं तर मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत ती संस्था स्वतः शोधा. कागद हवाच असेल तर इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसमधला डिप्लोमा आहे, बारावीवर प्रवेश मिळतो, घर सांभाळून होतो. फी भरण्याआधी चालू सत्राची माहिती इग्नूच्या वेबसाइटवर बघा. बाकी मूळ कायदे सरकारच्या इंडिया कोड साइटवर फुकट आहेत. भू-राजस्व संहितेतलं नामांतरणाचं कलम १०९, ११० आणि हस्तांतरणाचं १६५, नोंदणी कायद्याचं कलम १७ आणि २३, एवढ्यापासून सुरुवात करा. हिंदी पाठ शेजारी ठेवा, कारण तहसीलचे आदेश हिंदीत येतात. आणि वाचताना ऑफिसातली एखादी निकाली निघालेली सर्च फाइल समोर असू द्या, वकीलसाहेबांना विचारून.